घोटा सांभाळ, बाळा

बाळा, तू आता चाकणला कामाला लागलास. पहाटे उठून नाशिक फाट्यावर कंपनीची बस धरायची, आठ-आठ तास लाइनवर उभं राहायचं, रविवारी भोसरीत कबड्डी खेळायची आणि पावसाळा लागला की पोरांबरोबर लोहगड-विसापूर गाठायचा. हे सगळं तुझ्या दोन घोट्यांच्या जिवावर चालणार आहे. माझी सगळी नोकरी कारखान्याच्या दवाखान्यात गेली. कापलेलं बोट, डोळ्यात गेलेला कण, भाजलेला हात, यासाठी माणसं धावत यायची. मुरगळलेला पाय मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशी लंगडत यायचा, तोही "सिस्टर, जरा पट्टी बांधून द्या, शिफ्ट चालू आहे" म्हणत. या दुखण्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं आणि त्याची किंमत सगळ्यात उशिरा कळते. म्हणून थोरल्या सिस्टरांनी मला जे शिकवलं आणि डॉक्टरांच्या हाताखाली जे पाहिलं, ते तुझ्या कानात घालते.

पहिला कानमंत्र : मुरगळणं किरकोळ समजू नको

पाय मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा तळवा आत वळतो आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूला ताण येतो. तिथे हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या तीन लिगामेंट असतात. त्यातली पुढची सगळ्यात नाजूक, आधी तीच ताणते किंवा फाटते. सूज आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते, म्हणून माणसाला वाटतं झालं बरं. आतली लिगामेंट भरून यायला मात्र दीड ते तीन महिने लागतात. त्या काळात तिला नीट सांभाळलं नाही, तर ती भरते पण सैल राहते. मग सपाट रस्त्यावरही पाय दगा देतो. पहिल्यांदा मुरगळलेल्या शंभर जणांपैकी वीस ते चाळीस जणांचा घोटा असा कायमचा ढिला राहतो, असं या विषयातले डॉक्टर सांगतात.

१९ ऑक्टोबर २०२३ आठवतो ना? आपल्या गहुंजेच्या मैदानावर विश्वचषकातला बांगलादेशाविरुद्धचा सामना होता. हार्दिक पांड्या आपलं पहिलंच षटक टाकत होता. लिटन दासचा सरळ आलेला फटका अडवायला त्याने पाय घातला, घसरला आणि डावा घोटा दुखावला. तीन चेंडू टाकून तो बाहेर गेला, उरलेले तीन विराट कोहलीने टाकले. ४ नोव्हेंबरला तो स्पर्धेतूनच बाहेर पडला आणि त्याच्या जागी प्रसिध कृष्णा आला. विश्वचषकासाठी लवकर परतायची धडपड केली आणि त्यात दुखणं लांबलं, हे पुढे त्याने स्वतःच सांगितलं. मोठमोठे डॉक्टर आणि फिजिओ दिमतीला असलेल्या खेळाडूच्या घोट्यालाही घाई मानवली नाही. मग तू दुसऱ्या दिवशी पट्टी गुंडाळून आठ तास उभं राहायचं का ठरवतोस?

दुसरा कानमंत्र : पहिले तीन दिवस हात लावू देऊ नको

पाय मुरगळला की गल्लीतला कुणीतरी पुढे येतो, पाय धरून ओढतो आणि "बसवून देतो" म्हणतो. दुसरा गरम तेल घेऊन चोळायला बसतो. दोघांची माया खरी असते. पण आत रक्त साचत असताना चोळलं किंवा गरम शेक दिला, तर सूज वाढते. दरवर्षी तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम आटोपून आपल्या कासारवाडीवरून पुण्याकडे जाते, तेव्हा तुम्ही पोरं वारकऱ्यांचे पाय चेपायला बसता. फार चांगलं करता. पण एखाद्या माउलीचा घोटा ताजा सुजलेला दिसला, तर तो चोळू नका. थंड पाण्याची पट्टी ठेवा आणि वैद्यकीय पथकाकडे पोचवा.

घरी काय करायचं ते ऐक. बर्फ फडक्यात गुंडाळ, उघडा बर्फ कातडीवर ठेवू नको. पंधरा-वीस मिनिटं शेक, मग काढ, दोन-तीन तासांनी पुन्हा ठेव. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून सुरू करून घोट्याच्या वरपर्यंत ने. बोटं गार पडली, निळसर झाली किंवा मुंग्या आल्या, तर ते घट्ट झालं, सोडून पुन्हा बांध. झोपताना पायाखाली दोन उशा घे.

एक्स-रे लागेल का, हे ओळखायची एक साधी रीत आहे. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये ती घालून दिली आणि आज जगभरचे डॉक्टर ती वापरतात. मुरगळल्यावर स्वतःच्या पायाने चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढ. घोट्याच्या बाहेरच्या किंवा आतल्या उंचवट्याच्या टोकावर, किंवा त्याच्या मागच्या कडेवर खालच्या सहा सेंटिमीटरांत, हाड दाबलं की जोरात दुखलं, तरीही काढ. पायाच्या बाहेरच्या कडेला मधोमध करंगळीच्या हाडाचा उंचवटा असतो आणि आतल्या कडेला कमानीच्या वर एक छोटं हाड असतं. या दोन ठिकाणी दुखलं, तरी काढ. घरातल्या लहान मुलांचा पाय मुरगळला तर डॉक्टरला लवकर दाखव. त्यांची हाडं अजून वाढत असतात आणि वरून मुरगळल्यासारखं दिसलं, तरी इजा हाडाच्या वाढीच्या जागेला झालेली असू शकते.

तिसरा कानमंत्र : घोट्यामागचे दोन दोर ओळखून ठेव

आता खरी गोष्ट सांगते. खुर्चीवर बस आणि उजवा पाय डाव्या गुडघ्यावर ठेव. बाहेरच्या बाजूचं घोट्याचं हाड चाचप आणि त्याच्या लगेच मागच्या खाचेत दोन बोटं ठेव. आता तळवा बाहेरच्या बाजूला वळव. बोटाखाली काहीतरी ताठ होऊन वर आलं ना? त्या तुझ्या दोन कंडरा. डॉक्टर त्यांना पेरोनियल टेंडन म्हणतात. नडगीच्या बाहेरच्या बाजूला दोन स्नायू असतात, त्यांची ही खालची टोकं. हाडाच्या मागच्या खाचेतून त्या खाली उतरतात आणि एक पातळ पट्टी त्यांना खाचेत धरून ठेवते. त्यातली आखूड कंडरा करंगळीकडच्या त्या उंचवट्याला जाऊन चिकटते. लांब कंडरा तळव्याखालून आडवी जाऊन अंगठ्याच्या मुळापाशी पोचते.

पाय आत वळायला लागला की त्याला बाहेर खेचून सरळ करायचं, हे यांचं काम. लिगामेंट शाबूत असते तेव्हा हे काम वाटून होतं. लिगामेंट सैल झाली की प्रत्येक खड्ड्यात, प्रत्येक पायरीवर सगळा भार यांच्यावर येतो. आखूड कंडरा हाड आणि लांब कंडरा यांच्यामध्ये दाबली जाते, हाडाच्या कडेवर घासते आणि उभी चिरते. धरून ठेवणारी पट्टीही वारंवारच्या झटक्यांनी ढिली पडते. मग कंडरा खाचेतून निसटून हाडावर येते आणि टचकन आवाज होतो.

तू मशीनवरचा माणूस आहेस, तुला हे चटकन समजेल. बेअरिंग ढिलं झालं की शाफ्ट डगमगतो आणि पट्टा कडेला घासून फाटतो. बेअरिंग तसंच ठेवून नुसता पट्टा बदलला, तर नवाही फाटतो. घोट्याचंही तेच. कंडरेचं दुखणं बरं करायचं तर ढिल्या सांध्याचाही बंदोबस्त करायला हवा.

चौथा कानमंत्र : दुखतं कुठे, ते एका बोटाने दाखव

डॉक्टरकडे गेल्यावर "घोटा दुखतो" एवढंच सांगून थांबू नको. एक बोट ठेवून जागा दाखव. दुखणं बाहेरच्या हाडाच्या पुढे आणि खाली असेल, तर ते बहुधा लिगामेंटचं. हाडाच्या मागे असेल, तिथे लांबट सूज असेल, तळवा बाहेर वळवताना कळ येत असेल, जिना उतरताना किंवा उतारावर त्रास होत असेल, तर कंडरेचा संशय घ्यायचा. पाय गोल फिरवताना हाडावरून काहीतरी सरकल्यासारखं वाटलं, तर ते आवर्जून सांग.

आमच्या शॉपमध्ये ग्राइंडिंगवर एक माणूस होता. दर पावसाळ्यात त्याचा एकच पाय मुरगळायचा. पट्टी बांधायचा आणि कामाला लागायचा. एकदा म्हणाला, "सिस्टर, चालताना टचटच वाजतं." मी हाडामागे बोट ठेवलं आणि पाय वळवायला सांगितलं. कंडरा हाडावर चढली आणि परत खाली गेली, माझ्या बोटाला स्वच्छ कळलं. एक्स-रे त्याने दोनदा काढून घेतला होता, दोन्ही वेळा काही नाही म्हणून निश्चिंत होता. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, कंडरा दिसत नाही. पाय हलवत ठेवून केलेल्या सोनोग्राफीत कंडरा निसटताना दिसते. चीर किती आहे आणि लिगामेंटची काय अवस्था आहे, ते एमआरआयमध्ये कळतं. त्याची चीर निघाली, ऑपरेशन झालं आणि तो कामावर परतला. पण आधीचे दोन-तीन पावसाळे त्याने दुखणं अंगावर काढलं होतं आणि तेवढ्या वेळात चीर वाढत गेली होती.

म्हणून हिशेब ठेव. एका वर्षात एकच घोटा दोनदा मुरगळला, किंवा मुरगळून सहा आठवडे झाले तरी हाडामागे दुखतंय, तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवायचंच. कासारवाडीहून मेट्रोने दुसरं स्टेशन संत तुकारामनगर, तिथे महापालिकेचं वायसीएम रुग्णालय आहे. लांब जावं लागतं, हे कारण आपल्याला उरलेलं नाही.

पाचवा कानमंत्र : एका पायावर उभं राहायला शीक

खरं औषध हेच आहे आणि ते फुकट आहे. सांध्यात आणि लिगामेंटमध्ये बारीक मज्जातंतू असतात. पाय कुठे आणि किती वळलाय, ही खबर ते मेंदूला देतात. मुरगळण्यात त्यांनाही इजा होते, मग खबर उशिरा पोचते आणि स्नायू उशिरा जागे होतात. मायकेल फ्रीमन या इंग्रज डॉक्टरने १९६५ मध्ये हे मांडलं आणि तोल सांभाळायच्या व्यायामाने पाय दगा द्यायचा थांबतो, हे दाखवलं. आजही फिजिओथेरपिस्ट तेच करून घेतात.

सूज उतरली आणि पायावर नीट भार पेलायला लागला की सुरुवात कर. दात घासताना दुखऱ्या पायावर उभा राहा. भिंत हाताशी असू दे. तीस सेकंद सहज जमायला लागले की डोळे मिटून कर. तेही जमलं की गोधडीची घडी घालून तिच्यावर उभा राहा. मऊ जागेवर घोटा सारखा हलतो आणि स्नायूंना सतत सावध राहावं लागतं.

दुसरा व्यायाम रबराचा. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घे. एक टोक खाटेच्या पायाला बांध, दुसरं पायाच्या पुढच्या भागाभोवती अडकव. गुडघा न हलवता तळवा बाहेरच्या बाजूला ओढ, जरा थांब आणि हळूहळू परत आण. परत आणताना ओढतानापेक्षा जास्त वेळ लाव, कंडरेला बळकटी त्यातून येते. दहा-पंधरा वेळा, असे तीन फेरे. तिसरा व्यायाम पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करायचा, म्हणजे पोटरी मोकळी राहते. पोटरी आखडली की घोटा आत वळायला निमित्तच मिळतं.

हे सगळं रोज, निदान तीन महिने. दुखणं थांबलं की व्यायाम सोडायचा, ही सगळ्यांची खोड. दुखणं थांबतं तिथून पुढचे दोन महिनेच पुढचं मुरगळणं टाळतात. एक पथ्य मात्र पाळ. रबर ओढताना हाडामागची कळ वाढत गेली, तर थांब आणि दाखवून घे. चिरलेल्या कंडरेला किती ताण द्यायचा, ते फिजिओथेरपिस्टने ठरवावं.

सहावा कानमंत्र : बुटाचा तळ उलटा करून बघ

सेफ्टी शूज जड असतात. घालता-काढता यावेत म्हणून पोरं नाडी ढिली ठेवतात किंवा बांधतच नाहीत. मग पाय आत सरकतो, जड बूट एकीकडे आणि घोटा दुसरीकडे. नाडी वरच्या भोकापर्यंत घट्ट बांध. मिळाला तर घोटा झाकणारा उंच बूट माग.

महिन्यातून एकदा बूट उलटा करून तळ बघ. टाचेची बाहेरची कड फार झिजलेली असेल, तर टाच आत झुकते आणि प्रत्येक पावलाला बाहेरच्या कंडरांवर ताण येतो, असं समज. झिजलेला बूट घालत राहिलास, तर तो झुकाव आणखी वाढतो. तळव्याची कमान फार उंच असणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. डॉक्टर तपासून बुटात बाहेरच्या बाजूला किंचित उंच असलेलं इनसोल घालायला देतात, त्याने फरक पडतो.

मुरगळल्यानंतरच्या महिन्यांत कबड्डी किंवा गड चढायला जाताना नाडीचा किंवा पट्ट्यांचा घोटाबंद लाव. पकडीत कुणी घोटा धरला आणि तू जोर लावून निसटायला गेलास, तर ढिल्या सांध्यावर तो पिळा फार वाईट. गड चढताना पाय क्वचित मुरगळतो, बहुधा उतरताना मुरगळतो, कारण तेव्हा तू दमलेला असतोस. उतरणीला पावलं छोटी टाक.

सातवा कानमंत्र : गोळी आणि इंजेक्शन विचारून घे

दुखणं मारणारी गोळी खाऊन खेळायला उतरू नको. दुखणं थांबवून पाय हलवत राहिलास, तर चीर वाढतच राहते. "एक इंजेक्शन मारा, उद्या मॅच आहे" असं तर कधीच म्हणू नको. स्टिरॉइडचं इंजेक्शन कंडरेत गेलं, तर ती कमजोर होऊन तुटू शकते. ते कुठे द्यायचं आणि द्यायचं की नाही, हे तज्ज्ञाने ठरवावं.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या अँटिबायोटिकने कंडरा सुजण्याचा किंवा तुटण्याचा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. साठीच्या पुढच्यांना आणि स्टिरॉइड घेणाऱ्यांना हा धोका जास्त. जुलाब झाले की मेडिकलमधून यातली पट्टी आणून खायची सवय आपल्याकडे आहे. डॉक्टरने दिल्याशिवाय ती घेऊ नको. आणि डॉक्टर लिहून देत असेल, तर माझ्या घोट्याच्या कंडरेला त्रास आहे, हे आधी सांग.

आठवा कानमंत्र : कामावर पाय मुरगळला तर त्याच दिवशी नोंद कर

पोरं इथेच चुकतात. लाज वाटते, सुपरवायझर रागावेल असं वाटतं, म्हणून गप्प राहतात. पुढे पाय सुजला की पुरावा नसतो. कामावर काही झालं, तर त्याच शिफ्टमध्ये अपघाताच्या वहीत नोंद करून घे. तारीख, वेळ, जागा आणि पाहणाऱ्याचं नाव लिहून घे. कंत्राटी असलास तरी तुझा कामगार विमा, म्हणजे ईएसआय, भरला जातो का ते पगाराच्या चिठ्ठीवर बघ.

विमा असेल, तर कामावरच्या इजेमुळे काम बंद पडलेल्या काळात मजुरीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत भरपाई मिळते आणि उपचार होतात. साध्या आजारपणात हा दर सत्तर टक्के असतो. म्हणून ही इजा कामावरची आहे, हे कागदावर असणं महत्त्वाचं. २०१० मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही कामाशी संबंध जुळत असेल तर त्यात धरला जातो. बसमधून उतरताना सर्व्हिस रोडच्या खड्ड्यात पाय गेला, तरी कळवून ठेव. आपल्या भागासाठी विम्याचं रुग्णालय चिंचवडला मोहननगरात आहे.

नववा कानमंत्र : ऑपरेशनला घाबरू नको, त्याची घाईही करू नको

बहुतेकांचं भागतं ते विश्रांती, घोटाबंद आणि तीन ते सहा महिन्यांच्या नेटक्या व्यायामावर. तेवढं मनापासून करूनही पाय दगा देत असेल, किंवा चीर मोठी असेल, तर ऑपरेशनचा विचार होतो. कंडरेचा निम्म्याहून कमी भाग खराब असेल, तर तो काढून उरलेला शिवतात. निम्म्याहून जास्त गेला असेल, तर ती शेजारच्या चांगल्या कंडरेला जोडतात. सैल लिगामेंट घट्ट करायची पद्धत स्वीडनच्या ब्रॉस्ट्रॉम या सर्जनने १९६६ मध्ये सांगितली, पुढे १९८० मध्ये गूल्डने तिच्यात भर घातली. आजही मुख्यतः तीच चालते. त्यामुळे डॉक्टरला एक प्रश्न नक्की विचार : "कंडरा शिवताना लिगामेंटचंही बघणार आहात ना?"

ऑपरेशननंतर काही आठवडे प्लास्टर किंवा बूट, मग फिजिओथेरपी, आणि खेळाला किंवा जड कामाला परतायला काही महिने. फिजिओथेरपी अर्धवट सोडणाऱ्यांचं ऑपरेशन वाया गेलेलं मी पाहिलंय. रजा आणि पैशांचा बंदोबस्त आधी कर, मग तारीख घे.

शेवटचं सांगते आणि थांबते. चाकणपासून पिंपरीपर्यंत लाखो माणसं उभ्याने काम करून घर चालवतात. त्यांच्यातल्या कितीतरी जणांचा एखादा पाय "सारखाच मुरगळतो" आणि ते त्याला आपला स्वभाव मानून चालतात. तो स्वभाव नसतो. अर्धवट बरी झालेली ती इजा असते आणि ती वेळेत धरली, तर बरी होते. तुझ्या लाइनवर असं कुणी लंगडताना दिसलं, तर त्यालाही हे सांग. आणि तुझा स्वतःचा पाय गेल्या वर्षात दोनदा मुरगळला असेल, तर येत्या सुट्टीच्या दिवशी खेळायला जाण्याआधी डॉक्टरकडे जाऊन ये.